देवाची इच्छा आणि आपली इच्छा : साष्टीतील एका पॅरिशच्या आजारी-सोबत सेवेचे परीक्षण

गोव्यातील साष्टी तालुक्यातील आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या धर्मग्रामात, गंभीर आजार असलेल्या कुटुंबांसाठी एक सोबत-सेवा चालते. तिचे कौतुक पुष्कळ ऐकू येते, परंतु ती नेमके काय करते आणि काय करत नाही, हे कोणी नीट लिहून ठेवलेले नाही. माझ्या यजमानांच्या कर्करोगाच्या उपचारांत आम्ही या सेवेचा जवळजवळ वर्षभर आधार घेतला आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. पॅरिशचे व सेवकांचे नाव मी देत नाही, कारण ही सगळी माणसे विनामोबदला काम करतात, आणि पुढे जी टीका येणार आहे ती नावानिशी करण्यासारखी नाही. माझा निष्कर्ष आधीच सांगते : उपचाराचा कठीण निर्णय समोर असलेल्या ख्रिस्ती दांपत्याने ही सेवा अवश्य घ्यावी, मात्र तिच्याबरोबर आपसूक येणाऱ्या काही गोष्टींना पहिल्याच दिवशी दारातून नम्रपणे परत पाठवावे. गुण द्यायचे तर मी पाचपैकी चार देईन.

आम्ही दोघे मूळचे वसईचे. यजमानांना वास्कोतील एका खासगी जहाज-कंपनीत नोकरी लागली तेव्हा आम्ही गोव्यात आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. मी मराठी शाळेत शिकवत असे. घरात मराठी, इगर्जीत म्हणजे चर्चमध्ये कोंकणी, अशी आमची इतक्या वर्षांची वहिवाट आहे. यजमानांच्या गुदाशयाच्या अगदी खालच्या भागात गाठ असल्याचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितले की, प्रथम किरणोपचार, नंतर केमोथेरपी आणि त्यानंतर शस्त्रक्रिया असा क्रम राहील. गाठ इतकी खाली होती की शस्त्रक्रियेत गुदद्वारच काढावे लागणार होते आणि पोटावर कायमची पिशवी, म्हणजे स्टोमा, येणार होता.

किरणोपचार झाले, केमो झाली. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या औषधाने थंड वस्तूला हात लागला तरी बोटांत झिणझिण्या येत, त्यामुळे फ्रीज उघडण्याचे काम माझ्याकडे आले आणि फ्रीजमधले पाणी व सोलकढी बंद झाली. या तक्रारी डॉक्टरांनी आधी सांगितलेल्याच होत्या. न सांगितलेली गोष्ट त्यानंतर घडली. पुन्हा एमआरआय आणि दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा गाठीच्या जागी जवळजवळ फक्त पांढरट व्रण दिसत होता. डॉक्टरांच्या भाषेत हा ‘जवळजवळ पूर्ण प्रतिसाद’. आता दोन वाटा होत्या. ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया करायची, किंवा काही आठवडे थांबून पुन्हा तपासायचे आणि गाठ पूर्ण गेलेली दिसली तर शस्त्रक्रिया न करता कडक देखरेखीखाली राहायचे.

ही दुसरी वाट ब्राझीलमधील साव पाउलोच्या शल्यचिकित्सक अँजेलिता हाब्र-गामा यांनी मांडली. २००४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक सर्जनांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता, पण आज जगभरातील मोठी कर्करोग रुग्णालये निवडक रुग्णांना ही वाट देऊ करतात. ओप्रा नावाच्या अमेरिकी चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, किरणोपचारानंतर केमो घेतलेल्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांचे गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होते. दुसऱ्या बाजूला, अनेक देशांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१८ मध्ये जे मांडले गेले त्यानुसार, थांबलेल्या रुग्णांपैकी साधारण चारांतील एकाला दोन वर्षांच्या आत त्याच जागी गाठ परत येते. तेव्हा बहुतेकांवर शस्त्रक्रिया करता येते, परंतु अशा रुग्णांत आजार अन्यत्र पसरण्याचे प्रमाणही अधिक आढळते. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांच्या आसपास बोटाने तपासणी, दुर्बीण आणि ठरावीक अंतराने एमआरआय, यांतील एकही चुकवून चालत नाही.

ही माहिती मी येथे चार वाक्यांत लिहिली, पण आमच्यापर्यंत ती अशी आली नव्हती. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांनी जेवढा वेळ देता येईल तेवढा दिला, आणि आम्ही घरी आलो ते एवढेच घेऊन की ‘गाठ दिसत नाही, तरी कापायचे की नाही ते तुम्ही सांगा.’ नातेवाइकांनी उरलेले काम केले. वसईहून थोरल्या दिरांचा फोन आला की चमत्कार झाला आहे, आता शस्त्रक्रिया करणे म्हणजे देवाच्या देणगीवर संशय घेणे होय. माझ्या भावाचे म्हणणे नेमके उलट होते : देवाने डॉक्टर कशासाठी दिले आहेत, ते सांगतात तसे करून मोकळे व्हा. दोघेही श्रद्धावान, दोघेही रोज रोझरी म्हणणारे. घरात आम्ही दोघेही तेच बोलू लागलो होतो. यजमान म्हणत, देव बरे करील. मी म्हणत असे, देवाची इच्छा असेल तर शस्त्रक्रियाही निभावेल. वाद असा होत नव्हता, कारण दोघांनीही आपली बाजू देवाच्या स्वाधीन केली होती आणि देवाशी वाद कोण घालणार?

अशा अवस्थेत आम्ही मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधील उपासनेनंतर, पॅरिशच्या कार्यालयात नाव नोंदवले.

सेवेचे स्वरूप साधे आहे. एक निवृत्त परिचारिका, एक निवृत्त सर्जन, पॅरिशचे फादर, आणि गाडी चालवणे, कागदपत्रे करणे, घरी पवित्र कम्युनियन, म्हणजे मिस्साचा प्रसाद, आणणे अशी कामे वाटून घेतलेले काही सेवक. पहिली भेट घरी होते आणि तिला परिचारिकाबाई एकट्या येतात. त्यांनी प्रथम सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावून एका फायलीत घातले, औषधांच्या वेळा एका तक्त्यात लिहिल्या आणि मग सांगितले की ही सेवा तुमच्यासाठी निर्णय घेणार नाही आणि कोणता निर्णय ख्रिस्ती आहे हेही सांगणार नाही. मला तेव्हा हे ऐकून थोडी निराशाच वाटली. कोणीतरी अधिकाराने सांगावे आणि आपण सुटावे, अशीच माझी अपेक्षा होती, आणि मला वाटते या दारावर येणाऱ्या बहुतेकांची तीच असते.

या सेवेचा खरा कणा म्हणजे एक प्रश्नपत्रक. ते पती-पत्नींनी वेगवेगळे भरायचे असते, एकमेकांना न दाखवता. पहिल्या भागात डॉक्टरांनी काय सांगितले ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे. आमच्या दोघांचे हे उत्तरच जुळत नव्हते. यजमानांनी लिहिले होते, ‘गाठ गेली आहे.’ मी लिहिले होते, ‘गाठ दिसत नाही.’ दुसऱ्या भागात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आहेत आणि ते इतके नेमके आहेत की मी ते कोणत्याही रुग्णालयाच्या भिंतीवर लावायला सांगेन : हा उपचार केला नाही तर काय होईल, आत्ता थांबलो तर नंतर परत फिरता येईल का, किती आठवडे थांबणे सुरक्षित आहे, मागे घेता येणार नाही असे यात काय आहे, आणि तपासण्यांवर लक्ष कोण ठेवणार, रुग्णालय की आम्ही?

तिसरा भाग अवघड आहे. तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? कोणत्या गोष्टीशिवाय जगणे तुम्हाला जगणे वाटणार नाही? जोडीदाराला अद्याप काय सांगितलेले नाही? निर्णय उलटला तर तुम्ही कोणाला दोष द्याल? मी यातील पहिल्या प्रश्नासमोर मोठ्या भक्तिभावाने ‘देवाची इच्छा पूर्ण होवो’ असे लिहून ठेवले होते. परिचारिकाबाईंनी ते वाचले आणि त्यांच्या शांत कोंकणीत म्हणाल्या, “देवाक मात्सो कुशीक दवरात, आनी तुमकां कितें जाय तें सांगात.” एका चर्चच्या सेवेतील बाई मला देवाला जरा बाजूला ठेवायला सांगत होती. त्यांच्या या एका वाक्यासाठी मी सेवेचे बाकीचे दोष माफ करायला तयार आहे.

मला काय हवे होते ते मग बाहेर आले. मला शस्त्रक्रिया हवी होती, कारण दर तीन महिन्यांनी निकालाची वाट पाहत बसण्याची मला धास्ती वाटत होती. म्हणजे यजमानांनी कायमची पिशवी बाळगावी आणि त्या बदल्यात मला झोप लागावी, असा तो सौदा होता, हे कागदावर पाहिल्याशिवाय मला उमगले नसते. यजमानांनी लिहिलेले मी नंतर, त्यांच्या परवानगीने, वाचले. त्यांना मरणाची भीती नव्हती. ते रविवारी इगर्जीत शास्त्रवाचन करतात. वेदीजवळ उभे असताना पिशवीचा आवाज झाला किंवा वास आला तर काय, ही त्यांची भीती होती आणि ती सांगायला त्यांना लाज वाटत होती. ‘देव बरे करील’ या वाक्यामागे एवढी साधी, माणसासारखी गोष्ट दडलेली होती. त्यावर परिचारिकाबाईंनी त्यांना एक फोन लावून दिला. पलीकडे स्टोमासह अनेक वर्षे जगणारे आणि रोज पोहणारे एक गृहस्थ होते. यजमान त्यांच्याशी दार लावून बोलले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण त्यानंतर पिशवी हा शब्द आमच्या घरात मोठ्याने उच्चारला जाऊ लागला.

निवृत्त सर्जन हे सेवेतील दुसरे बळ. ते वैद्यकीय सल्ला देत नाहीत, औषध बदलत नाहीत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांविषयी चकार शब्द काढत नाहीत. ते फक्त अहवाल वाचून त्यातील शब्दांचा अर्थ सांगतात आणि आपण विचारायचे प्रश्न धारदार करून देतात. आमच्याशी ते ज्या विषयावर सर्वांत जास्त वेळ बोलले तो मात्र एमआरआयचा नव्हता, चमत्काराचा होता. दिरांचे म्हणणे त्यांच्या कानावर घातल्यावर त्यांनी फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्राचे उदाहरण दिले. तेथे १८८३ पासून डॉक्टरांचे एक कार्यालय आहे. बरे झाल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येकाची कागदपत्रे तेथे तपासली जातात, आणि पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झालेल्या लाम्बेर्तिनी यांनी अठराव्या शतकात घालून दिलेल्या कसोट्या लावल्या जातात : आजार गंभीर असावा, बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकणारे असावे, आणि ज्याला त्याचे श्रेय देता येईल असा उपचार झालेला नसावा. हजारो दावे आले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले प्रसंग शंभराच्याही आतच आहेत. “तुमच्या यजमानांनी किरणे घेतली आहेत आणि केमो घेतली आहे,” ते म्हणाले, “त्यामुळे चर्चच्या स्वतःच्या मोजमापाने हा चमत्कार ठरत नाही. देवाचे आभार मानायला त्याने काहीच अडत नाही. पण चमत्कार समजून तपासण्या सोडल्यात तर मी तुमच्या घरी पुन्हा येणार नाही.”

हे बोलणे मला अत्यंत उपकारक वाटले. श्रद्धा आणि वैद्यक यांच्यात निवड करायची आहे असे जे चित्र नातेवाइकांनी उभे केले होते, ते श्रद्धेच्या बाजूनेच पुसले गेले. थांबणे म्हणजे विश्वास आणि कापणे म्हणजे अविश्वास, असा हिशेब उरला नाही. थांबायचे असेल तर डोळे उघडे ठेवून थांबायचे, आणि गेथशेमाने बागेत शिष्यांना प्रभूने सांगितलेले जागे राहण्याचे काम झोपून होत नाही, एवढे आम्हाला कळले.

फादरांशी भेट त्यानंतर झाली. ती लहान होती, आणि तशीच असावी असे मला वाटते. यजमानांनी विचारले की, बरे होण्याची शक्यता वाढवणारी शस्त्रक्रिया नाकारणे हे पाप आहे काय. फादरांनी सांगितले की जीव ही देवाची देणगी असल्याने तिची काळजी घेण्याचे कर्तव्य आहेच, आणि जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथात, ३८ व्या अध्यायात, वैद्याचा मान राखायला सांगितले आहे. परंतु कोणताही उपचार कोणत्याही किमतीवर घेतलाच पाहिजे असे चर्च शिकवत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हा भेद स्पष्ट केला होता, आणि आजच्या कॅथोलिक धर्मशिक्षणातही तो कायम आहे : उपचाराचे ओझे आणि त्यातून अपेक्षित लाभ यांचे प्रमाण पाहायचे, आणि शक्य असेल तेथे तो निर्णय रुग्णाने स्वतः घ्यायचा. म्हणजे आमच्यापुढील दोन्ही वाटा सद्सद्विवेकाला खुल्या होत्या. आता प्रश्न कोणती वाट धार्मिक हा नव्हता, कोणती वाट आम्हाला निभावता येईल हा होता.

त्याच भेटीत फादरांनी आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार सुचवला तेव्हा शेजारच्या वृद्ध आजीबाईंनी तोंडाला पदर लावला. गोव्यात आणि वसईतही जुन्या पिढीला फादर तेलाची कुपी घेऊन आले म्हणजे शेवट आला असेच वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने ठरवून दिला, त्यालाही आता पन्नास वर्षे उलटली आहेत. हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेणे योग्य आहे. पॅरिशने वर्षातून एकदा, ११ फेब्रुवारीच्या आजाऱ्यांच्या जागतिक दिनी, सर्व रुग्णांसाठी एकत्र विधी ठेवला तर ही भीती घटेल असे मी सुचवले आहे. यजमानांनी तेल लावून घेतले आणि त्या रात्री मासळीचे जेवण मागून खाल्ले.

आता या सेवेची जी बाजू मला खटकली ती. पॅरिशमधील प्रार्थना-गटाच्या एक-दोन व्यक्ती या सेवेबरोबर न सांगता येतात. पवित्र कम्युनियन घेऊन आलेल्या सेवकासोबत अशाच एक बाई आल्या, डोक्यावर हात ठेवून त्यांनी पुष्कळ वेळ प्रार्थना केली, आणि जाताना यजमानांना म्हणाल्या की ज्याचा खरा विश्वास असतो तो अंगाला सुरी लावू देत नाही. आजारी माणसाच्या घरात उच्चारलेले असे वाक्य दिवसभर तेथेच राहते. शस्त्रक्रिया केली तर विश्वास उणा, आणि नाही केली व गाठ परत आली तरीही विश्वास उणाच. म्हणजे दोष नेहमी रुग्णाचाच. मी परिचारिकाबाईंकडे तक्रार केली, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पुन्हा ती व्यक्ती आली नाही. परंतु तक्रार होईपर्यंत वाट पाहणे ही व्यवस्था नव्हे. प्रार्थनेसाठी कोणी यायचे हे कुटुंबाने पहिल्या भेटीतच लिहून द्यावे, आणि त्या यादीबाहेरच्या माणसाला सेवेने घरात आणू नये.

गोपनीयतेविषयीही माझी नाराजी आहे. नाव नोंदवल्यानंतर लवकरच मडगावच्या बाजारात मासळी घेताना एका ओळखीच्या बाईंनी मला यजमानांच्या ‘ऑपरेशनबद्दल’ विचारले, जेव्हा ऑपरेशन करायचे की नाही हेच ठरले नव्हते. गाव लहान आहे हे खरे, पण मिस्सामध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना नाव घ्यायचे की नाही हे रुग्णाला विचारले गेले पाहिजे. ते विचारले गेले नव्हते.

कागदपत्रांची मदत मात्र निर्दोष होती आणि तिच्याविषयी थोडक्यात सांगते, कारण इतरांना उपयोग होईल. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही राज्य सरकारची आरोग्यविमा योजना गोव्यात २०१६ पासून आहे. तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तीत मिळते. आमचे कार्ड नूतनीकरणाविना पडून होते, ते सेवकाने स्वतः खेटे घालून करून आणले. दुसरी गोष्ट रेल्वेची. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग-रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचे तिकीट पूर्ण सवलतीत मिळते आणि सोबतच्या एका व्यक्तीला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. हे आम्हाला आधी कोणीच सांगितले नव्हते. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात काही कामासाठी जावे लागले तेव्हा गाडीही सेवेनेच दिली. चालक हिंदू होते आणि फुलांच्या खुरसापाशी, म्हणजे तेथील क्रुसापाशी, गाडी थांबवून हार घालण्याचा आग्रह त्यांनीच धरला.

प्रश्नपत्रकातील प्रश्न घेऊन आम्ही आमच्या डॉक्टरांकडे परत गेलो, आणि त्यांच्याच सल्ल्याने दुसरे मत घेण्यासाठी मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गेलो. कोकणकन्या एक्सप्रेसने दादरला उतरायचे आणि माहेरी वसईला मुक्काम करायचा, अशी आमची सोय होती. ज्यांना मुंबईत घर नाही त्यांच्यासाठी सेवेकडे राहण्याच्या ठिकाणांची यादी आहे. टाटातील डॉक्टरांनी तपासून सांगितले की काही आठवडे थांबून पुन्हा पाहणे वाजवी आहे, परंतु देखरेखीला येणार नसाल तर शस्त्रक्रियाच करा. पुन्हा तपासणी झाली तेव्हा तो व्रण सपाट आणि गुळगुळीत झाला होता. आम्ही देखरेखीची वाट घेतली.

हा निर्णय घेताना मी माझी अट घातली आणि यजमानांनी त्यांची. माझी अट अशी की तपासणीची एकही तारीख फेस्त, लग्न किंवा पाऊस यांच्या नावाखाली पुढे ढकलायची नाही, आणि गाठ परत आली तर शस्त्रक्रियेला नकार द्यायचा नाही. त्यांची अट अशी की दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मी रोज त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून निदान करायचे नाही. दोन्ही अटी फायलीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या आहेत. त्यांची अट पाळणे मला अधिक जड जाते. तेथे मला प्रार्थना लागते, आणि ती गाठीसाठी नसते.

सेवेच्या आणखी काही मर्यादा सांगायला हव्यात. अहवाल समजावणारे सर्जन एकच आहेत आणि ते मुलीकडे परदेशी गेले की तो भाग बंदच पडतो. भेटींच्या वेळा दुपारच्या असल्याने नोकरी करणाऱ्या तरुण दांपत्यांना त्या गैरसोयीच्या आहेत. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराला दोन तास विश्रांती मिळावी म्हणून कोणी येऊन बसेल, अशी सोय नाही, आणि प्रार्थनेपेक्षा मला कित्येकदा तिचीच गरज होती. बरे होण्याची आशा संपलेल्यांसाठी लोटलीच्या शांती आवेदना सदनाची माहिती पहिल्याच भेटीत इतर पत्त्यांबरोबर दिली जाते. हे सदन ज्या संस्थेचे आहे तिने १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला भारतातील पहिले हॉस्पिस सुरू केले, आणि तेथे पैसे किंवा धर्म न पाहता काळजी घेतली जाते. माहिती मोलाची आहे, पण आशा असलेल्या घरात ती पहिल्या दिवशी कागदावर पाहून काळीज हलते. ती मागितल्यावर किंवा वेळ आल्यावर द्यावी.

ज्यांना कोणीतरी ठामपणे ‘हे करा’ असे सांगणारे हवे आहे त्यांनी येथे येऊ नये, त्यांचा हिरमोड होईल. ज्या घरात पती-पत्नी एकमेकांना जपण्यासाठी खरे बोलणे टाळत आहेत, त्यांच्यासाठी ही सेवा आहे. ख्रिस्ती नसलेल्यांनाही ती मिळते. फोंड्याकडील एक मराठी दांपत्य आमच्याच सुमारास येत होते, त्यांच्याबरोबर फादरांची भेट वगळली गेली आणि पत्रकातील तिसरा भाग तसाच वापरला गेला.

सेवेला शुल्क नाही. कार्यालयात दानपेटी आहे, तीत काही टाकले नाही तरी कोणी पाहत नाही. नाव रविवारच्या मिस्सानंतर नोंदवता येते आणि पहिली भेट साधारणपणे त्याच आठवड्यात होते. प्रश्नपत्रक रोमी कोंकणी आणि इंग्रजीतच होते, आणि वसई, सावंतवाडी किंवा फोंड्याकडून आलेल्या आमच्यासारख्यांना अशा नाजूक प्रश्नांची उत्तरे परक्या लिपीत वाचून देणे अवघड जाते. म्हणून मी त्याची मराठी प्रत करून दिली आहे. ती मोठ्या अक्षरांत छापलेली आहे आणि कार्यालयात मागितल्यास दोन प्रती मिळतात. दोन्ही प्रती घ्याव्यात आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसून भराव्यात.